रोज एक लिंबू

दाराच्या कडीला तीन कागदी पिशव्या अडकवलेल्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक लिंबू होतं. मंगळवारचं, बुधवारचं, गुरुवारचं. लेकीने त्या काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने ठेवल्या आणि पुढचे चार दिवस कुणाला हलवू दिल्या नाहीत.

शेजारच्या मास्तरीणबाई गावाहून गुरुवारी दुपारी परतल्या, तेव्हा त्यांना पिशव्या दिसल्या. रखवालदाराकडे जादा किल्ली होती. दार उघडलं तर बाबा बाथरूममध्ये पडलेले.

डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितलं. मंगळवारी पहाटे पाय घसरला, खुबा मोडला. उठता येत नव्हतं. पण लगेच गेले नाहीत. बुधवारी संध्याकाळपर्यंत असावेत. लेकीने त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

म्हणजे एक बाई दोन दिवस दारापर्यंत आली, पिशवी अडकवली आणि निघून गेली. आत माणूस जिवंत होता.

त्या बाईला बाबा एक्सप्रेस म्हणत. लेकीने तिला कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर ऐकलं होतं.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. जन्मभर लोकांचे जिने वाचवले आणि स्वतः पायऱ्यांनीच चढले. लेक लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची. कुठल्याही इमारतीत शिरलं की हत्यारांची पेटी उघडायच्या आधी ते लिफ्टमधली धोक्याची घंटा दाबत आणि कुणीतरी डोकावेपर्यंत थांबत. लोक वैतागायचे. बाबा म्हणायचे, “वाजते का ते आधी बघायचं असतं. माणूस अडकल्यावर नाही.” लेकीला तेव्हा लाज वाटायची.

असा माणूस सहा महिन्यांपूर्वी म्हणाला, मला दुकानाची घरपोच सेवा लावून दे. त्यांचा फोन जुना, बटणांचा, म्हणून ऑर्डर लेकीच्याच फोनवरून जायची. दुकान तीन मिनिटांवर होतं आणि बाबा रोज तासभर फिरायला जात. तरी तिने कुरकुर केली नाही, आठवड्याची यादी मागितली. आयुष्यात कशाचा हट्ट न धरणारे बाबा तिथे अडून बसले. आठवड्याचं नको, रोज पाहिजे. रोज काय, असं विचारल्यावर म्हणाले, “काहीही. लिंबू टाक.”

नवऱ्याने हसून विषय संपवला. पिकलं पान लाडावणारच, म्हणाला. लेकीला मात्र ते लागलं होतं. वयाच्या पंचाहत्तरीला माणूस आळशी झाला, तेही एका लिंबासाठी. परवा फ्रीज उघडला तर खालच्या खणात चाळीसेक लिंबं, निम्मी वाळलेली.

ती दर रविवारी नऊला फोन करायची. नेमकी तेव्हाच बेल वाजायची. “एक्सप्रेस आली, थांब हं,” म्हणून बाबा रिसीव्हर ठेवल्यासारखा मोबाइल टेबलावर ठेवत. मग दारातून हसण्याचे आवाज. एकदा तिने घड्याळ लावून पाहिलं, सात मिनिटं.

बाबा पडायच्या आधीच्या रविवारी ती आपल्या बदलीबद्दल सांगत होती. बाबा परत येऊन म्हणाले, “हं, काय म्हणत होतीस?”

“काही नाही,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती नवऱ्याजवळ बोलली. लिंबू बिंबू काही नाही, त्यांना गप्पांना माणूस हवंय, आणि ते माणूस आपण नाही. मग बंद कर, नवरा म्हणाला. तिने फोन हातात घेतला, पण बंद करणं काही तिला बरं वाटलं नाही. “या वयात त्यांना उगीच उठबस नको,” एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

आता ती तिन्ही पिशव्या घेऊन दुकानाच्या मागच्या बाजूला उभी होती. एक्सप्रेस बाहेर आली. पन्नाशीची, हेल्मेट काखेत, डोळे सुजलेले.

लेकीने चार दिवस घोळवलेलं वाक्य म्हटलं. “बाबांनी तुमच्यावर विश्वास टाकला, आणि तुम्ही पिशवी लटकवून गेलात.”

एक्सप्रेस पायरीवर बसली. तिने आधी बाबांबद्दलच सांगितलं; ती त्यांना काका म्हणायची. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला होता. बेल मारायची आणि तीसपर्यंत मोजायचं. दार उघडलं नाही तर खाली जाऊन रखवालदाराकडची किल्ली आणायची. यातलं लेकीला कळता कामा नये, तिची झोप उडेल. काका साधारण बाविसाला उघडायचे आणि म्हणायचे, “मशीन चालू आहे.” कधी मुद्दाम एकोणतिसाला. तिचा चेहरा उतरलेला पाहून खो खो हसायचे.

“मग मंगळवारी का नाही मोजलंत?” लेकीने विचारलं.

एक्सप्रेसने आपला फोन पुढे केला. बाबांच्या पत्त्याखाली ग्राहकाची सूचना होती, त्याच रविवारी सकाळी दहाला आलेली. बेल वाजवू नये. पिशवी कडीला अडकवावी. या वयात त्यांना उगीच उठबस नको.

“सोमवारी तरी मी बेल मारली, ताई. हे त्यांना दाखवलं. काकांनी दोनदा वाचलं. म्हणाले, ‘लेकीचं आहे हे. तिचं काहीतरी कारण असेल. रविवारी फोन आला की विचारतो, तोवर ती म्हणते तसं करा.’”