मागची सीट

आमची जुनी स्पोर्ट्स गाडी दोन दारांची. मागे चढायचं-उतरायचं तर पुढची सीट झुकवावी लागते. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे मागे कधी कुणी बसलंच नाही.

तरी रोज सकाळी बंद गॅरेजमध्ये बायकोच्या बाजूची सीट झुकलेली असायची. मेकॅनिकने दोनदा खटका बदलला आणि हात टेकले. "काका, विकून मोकळे व्हा."

गिऱ्हाईक आलं. इंजिन ऐकून मोठ्याने म्हणालं, "वाघ आहे, वाघ."

बायको मागची काच पुसत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला भाऊ. आत्ताच डोळा लागलाय."

मी ओशाळून हसलो. गिऱ्हाइकाने मात्र आत वाकून मागे पाहिलं. मग इंजिन बंद केलं आणि जराही आवाज न करता दार लावलं.

"काका," तो कुजबुजला, "गाडी तुमच्याकडेच राहू द्या."