चमचा दिसेपर्यंत

रेडिएटरच्या पाण्याची दुसरी बादलीही लालच निघाली.

मेकॅनिक उस्तादांनी बादलीत स्टीलचा चमचा टाकला, वाकून पाहिलं आणि मान हलवली. "चमचा दिसत नाही. म्हणजे इंजिनात अजून गंज आहे. तळाचा चमचा दिसेपर्यंत गाडी हलायची नाही."

"उस्ताद, हवं तर चष्मा लावून बघा, पण आज सोडा मला," तिचा नवरा काकुळतीला आला. "महिना झाला ट्रक दारात उभा आहे. अंधार पडायच्या आत निघालो नाही तर मालक तो दुसऱ्या ड्रायव्हरला देणार."

"मग काय, उकळतं इंजिन घेऊन जातोस? घाटात चहा करत बस त्याच्यावर!"

ती अंगणात दोरीवर दुपटी वाळत घालत होती. खरं तर एकच दुपटं तिसऱ्यांदा वाळत घालत होती. तिच्या ओढणीखाली बेबी पावडरचा डबा होता. डब्यात पावडर नव्हती. न्हाणीमागच्या जुन्या पिंपावरून घासणीने खरवडलेला गंज होता. दुसऱ्या बादलीत त्यातलाच थोडा गेला होता.

बाळ वीस दिवसांचं. ते शिंकलं की ती बालसंगोपनाचं पुस्तक उघडायची. बराच वेळ शिंकलं नाही तरी उघडायची. झोपायचं ते फक्त बापाच्या खांद्यावर. आणि हा बाप निघाला होता पंधरा दिवसांच्या खेपेला!

"घरात बसलेला पुरुष आणि दारात उभी गाडी, दोन्हींना गंज चढतो," पायरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी सुनावलं. "जा बाबा एकदाचा."

बाईचं काळीज आहे की दगड, असं तिच्या मनात आलं.

उस्ताद रेडिएटरात पुन्हा साफ करायची पावडर ओतत होते. "मला एक कळत नाही. दीड वर्षाचं इंजिन. त्याला एवढा गंज आला कुठून? रेडिएटरात घालत काय होतात?"

"पाणी. दुसरं काय घालणार, दूध?" सासूबाई फणकारल्या.

इंजिन सुरू झालं, तापलं, बंद झालं, निवलं. उस्तादांनी खालची तोटी सोडली आणि हात धुवायला गेले. ती दुपटं घेऊन बादलीजवळून गेली. गेली आणि आली, बस्स.

तिसऱ्या बादलीतही चमचा बुडाला तो बुडालाच.

मग तिला ट्रकमागून नवऱ्याचा आवाज ऐकू आला. तो फोनवर होता. "नाही साहेब, सबब नाही. तेवढी गाडी काढून घेऊ नका. ड्रायव्हिंगशिवाय मला दुसरं काही येत नाही हो." शेवटी त्याचा आवाज चिरकला.

एवढी शिकलेली बाई आपण, आणि करतोय काय? ती न्हाणीत गेली, उरलेला गंज मोरीत ओतला, डबा तीनदा विसळला. चौथ्या खेपेला ती सासूबाईंच्या शेजारी हाताची घडी घालून बसून राहिली. बादलीकडे फिरकलीसुद्धा नाही.

चौथी बादली आधीच्या तिन्हींपेक्षा लाल निघाली.

"संपलं," उस्ताद म्हणाले. "आतून सगळं कुजलंय. मालकाला कळवतो, ट्रक ओढून न्या म्हणून."

"थांबा उस्ताद!" ती ताडकन उठली. "इंजिन चांगलं आहे. गंज मी टाकला. दुसऱ्या बादलीत आणि तिसऱ्या. चौथीत नाही हो, बाळाची शप..." तिने जीभ चावली. "माझी शपथ."

आता नवरा आकाशपाताळ एक करणार म्हणून तिने डोळे मिटले.

"तरीच," नवरा पुटपुटला.

"तरीच काय?"

"तरीच पिंपावर काही उरलं नव्हतं. मला पार बुडाशी खरवडावं लागलं." तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "चौथीत मी टाकला. फोन ठेवला आणि बाळ शिंकलं गं. म्हटलं, एक दिवस. फक्त एकच दिवस."

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. मग दोघा नवराबायकोला ट्रकपासून दहा पावलं लांब उभं केलं, शाळेत करतात तसं, हात वर करायला लावून. बादली स्वतः घासली. पाचव्यांदा पाणी भरलं, इंजिन तापवलं, निवू दिलं, तोटी सोडली. चमचा टाकला.

चमचा लख्ख दिसला. त्याच्या दांड्यावरची वेलबुट्टीसुद्धा दिसली.

"हात खाली करा. ऊन आहे तोवर निघशील तू," उस्ताद नवऱ्याला म्हणाले. ती त्याचा जेवणाचा डबा भरायला वळली. पण उस्ताद बादलीपासून हलेनात.

"दुसरी, तिसरी, चौथी तुमची. मान्य. पण पहिली? ती भरली तेव्हा तुम्ही दोघंही घरात होता. तो गंज इंजिनातलाच होता, अस्सल. तो कुणी आणला?"

सासूबाई बाळाला जोरजोरात थोपटू लागल्या. बाळ केव्हाच झोपलेलं होतं.

"मग काय मी एकटीने निभवायचं होतं बाळंतपण?" त्या एकदम उसळल्या. "सूनबाईला सातवा महिना लागल्यापासून दर खेपेला रेडिएटरात मूठ-मूठ मीठ घालत आले, तेव्हा कुठे मेली ती गाडी थांबली!"