ओरडणारा बर्फ

गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ पुन्हा कडाडला, तशी चांगुणाबाईंनी सुनेचा दंड गच्च धरला. अख्खा जन्म कोळीवाड्यात काढला, वादळं झेलली, पण सुनेकडे परदेशी येऊन असं पाण्यावर स्टूल टाकून बसायची ही पहिलीच वेळ.

“आई, बर्फ ओरडतोय तोवर पक्का समजा. गप्प झाला, की काठ गाठायचा,” सून म्हणाली.

इतक्यात बर्फाला पाडलेल्या भोकात सोडलेल्या गळाची अळी माशानं गिळली. चांगुणाबाईंनी गळ वर ओढला, तर माशाचं पोट गाभोळीनं टम्म फुगलेलं.

“अंडी घालू दे गो हिला,” म्हणत त्यांनी गुडघे टेकून मासळी अलगद पाण्यात सोडली.

हात भोकातच राहिला. मगाशी नकोसा वाटलेला तो कडकडाट आता त्यांचे कान शोधत होते.

“पोरी,” त्या कुजबुजल्या, “बर्फ गप का झाला गो?”