सुकैनाची खूण

आमच्या मअर्रा गावात प्रत्येक घर कणकेच्या गोळ्यांवर आपली खूण दाबून माझ्या भट्टीत पाठवतं. माझ्या लेकीची, सुकैनाची, खूण तीन बोटांची. क्रूसाचे झेंडे घेऊन फिरंगी गावात घुसले, त्या दिवशी ती घरासकट जळाली. पोटुशी होती, दिवस भरत आले होते.

पाच वर्षं झाली. रोज भट्टीतून तीन बोटांची एक रोटी जास्तीची निघते.

"तुम्हीच दाबत असाल, काका," शेजारीण जुमाना म्हणाली. "दुःखात भान राहत नाही."

"माझी बोटं बघ की, केवढी जाड!"

आज तिनं स्वतःच रोट्या आत सारल्या, स्वतःच काढल्या. शेवटची हातात घेऊन तिनं खुणेवरून बोट फिरवलं.

"काका, आज चौथं बोट आहे. लहान पोराचं."