हीट ओढल्यावर

"मुंबईत बर्फ फक्त गोळेवाल्याकडे, सर!" सम्यक म्हणाला आणि वर्ग खिदळला.

अंधेरीतला पायलटच्या परीक्षांचा क्लास. खाली फरसाण, वर वैमानिक. विद्याधर सरही हसले, मग फळ्याकडे वळून त्यांनी इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गळ्याचं चित्र काढलं.

"बाहेर घाम फुटलेला असतो, तरी इथे बर्फ धरतो. दमट हवा या चिंचोळ्या गळ्यातून जाताना एकदम गार पडते आणि छोट्या विमानाचं इंजिन गुदमरतं. म्हणून कार्ब्युरेटरच्या तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवायचा. काटा पिवळ्या पट्ट्यात आला, की समोरचा हीटचा नॉब बाहेर ओढायचा. कार्ब हीट. गरम हवा आत."

पहिल्या बाकावर नीलाकाकू. पन्नाशीच्या या बाईंना पायलट व्हायचं नाही, हे पोरांनी पहिल्याच दिवशी ताडलं होतं. मग येतात कशाला, यावर वडापावच्या पैजा होत्या. मुलगा दांड्या मारतो, भरलेली फी फुकट जाऊ नये म्हणून आई त्याच्या जागी बसते, असं रश्मीचं म्हणणं. पैजेत तीच आघाडीवर होती.

"आता सांगा," सर म्हणाले, "इंजिन थरथरतंय. नॉब ओढलात. थरथर कमी व्हायची सोडून वाढली. इंजिन खोकायला लागलं. काय कराल?"

"परत आत ढकलणार ना," सम्यक म्हणाला. "आपणच वाट लावली म्हणजे."

"यात काय विचारायचं, सर?" रश्मी म्हणाली.

"मेलात दोघं. अरे, बर्फ वितळतोय, त्याचं पाणी इंजिनात जातंय, म्हणून ते खोकतंय. म्हणजे हीट काम करतेय! तेवढं सोसायचं. नॉब सोडायचा नाही. मग गळा मोकळा होतो."

सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. काकू उभ्या राहिल्या.

"सर, यांना एक विचारू?" त्या मागे वळल्या. "खरं सांगा हं. सरांनी आत्ता सांगितलं नसतं, तर कोणी कोणी आत ढकलला असता?"

पोरं एकमेकांकडे बघून हसली. सम्यकने हात वर केला. मग रश्मीने. मग सगळ्यांनीच.

"माझ्या ओजसने ढकलला," काकू म्हणाल्या. "एकटाच होता वर. रेडिओवर सांगत होता, ओढलं तर जास्तच बिघडलं, परत ढकलतोय. चौकशीत वैमानिकाची चूक आली. त्याचे बाबा अजून म्हणतात, एवढं साधं कळू नये गाढवाला?"

हसू कुठल्या कुठे गेलं. काकू एकेका हाताकडे बघत राहिल्या. खाली करा, असं त्या म्हणाल्या नाहीत. कोणी केलेही नाहीत.