हे बसवलं कुणी?

"त्यांचं आता पहिल्यासारखं राहिलं नाही गं. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतात. जरा जाऊन बघ," असं मावशीने दोन वर्षांपूर्वी फोनवर बजावलं होतं, तेव्हा ती हसली होती. "मावशी, ते नुसता कान लावून इंजिनाचं दुखणं सांगतात. त्यांना काय धाड भरलीये?"

आता ती मिस्त्रींच्या शेडमध्ये स्टुलावर बसली होती, मांडीवर दहा महिन्यांची लेक, आणि हसू कुठच्या कुठे गेलं होतं.

समोर फळीवर मोटारसायकलच्या इंजिनाचं अर्धं केसिंग होतं. त्याच्या एका खळग्यात बेअरिंग रुतून बसलेलं. खळगा मागून बंद, त्यामुळे पलीकडून ठोकायची सोयच नव्हती.

"बाई, बाळाला मागे घ्या. शेगडी तापलीये."

तिने स्टूल आधीच दोनदा सरकवलं होतं. तिसऱ्यांदा सरकवलं. शेगडी, शेगडीची वायर आणि लेकीचा पाय, यांतलं अंतर डोळ्यांनी मोजून घेतलं.

"गाडी कुणाची?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझ्या वडिलांची."

"मग ते कुठायत? तुम्हाला पाठवलं, तेही कडेवर पोर घेऊन!"

"येतात मधूनमधून. नेमकं सांगता येत नाही."

"आले की धाडा माझ्याकडे. गाडी जिवापाड जपलीये गृहस्थाने. पण एक सांगून ठेवतो, हे केसिंग तडकलं तर दुसरं मिळायचं नाही. कंपनीने बनवणंच बंद केलंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. हे केसिंग गेलं की सगळंच संपलं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मिस्त्रींनी तापलेल्या केसिंगवर बोटाने पाण्याचा थेंब उडवला. थेंब टिकला नाही, टुणटुण उड्या मारत पळाला. त्यांनी हातमोजे चढवले, केसिंग उचललं आणि लाकडी फळीवर पालथं आपटलं. एकदा. दोनदा. बेअरिंग ढिम्म.

तिचा जीव टांगणीला लागला. आता हे चिडतील, हातोडी उचलतील, आणि एका घावात खेळ खलास. तिची नजर त्यांच्या हातांवरून हलेना. नखांत काळं वंगण, अंगठा जरासा वाकडा. हात मात्र थरथरत नव्हते.

मिस्त्रींनी केसिंग खाली ठेवलं आणि ते खो-खो हसले.

"वा रे पठ्ठ्या! हे बसवलं कुणी?"

तिने लेकीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"नाही, खरंच विचारतो. सूतभरही वाकडं गेलेलं नाही. कडेला चिकटवायचं सोल्युशन लावलंय तेही मोजून. हल्लीची मंडळी हातोडीने ठेचून मोकळी होतात. हा हात शिकलेला आहे, बाई."

तिचे कान तापले. ती खाली वाकून लेकीचं टोपडं नीट करत बसली. ते आधीच नीट होतं.

मिस्त्रींनी जुनं वर्तमानपत्र फाडून पाण्यात बुडवलं आणि मळून मळून त्याचा लगदा केला. "पेपर वाचून कुणाचं डोकं हललेलं मी पाहिलं नाही," ते म्हणाले, "पण बेअरिंग हलतं." बेअरिंगच्या भोकातून त्यांनी तो लगदा बोटाने आत ठासला. मग भोकात नेमका बसेल असा लोखंडी दांडा लावला आणि वरून टोला दिला. लगद्याला मागे पळायला वाट नाही. तो खालून बेअरिंगलाच वर रेटणार.

ठक. आणखी लगदा. ठक. आणखी लगदा.

चौथ्या टोल्याला त्यांनी मान तिरकी केली. तिला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

"ऐकलंत? सुटतंय."

आणि खरंच, दुधाचा दात वर यावा तसं ते हळूच वर आलं. केसिंगला साधा ओरखडा नाही. मिस्त्रींनी बेअरिंग पुसून तळहातावर फिरवलं. "घ्या, बाळाला खुळखुळा!"

ती हसली. खुळखुळा अर्थातच तिने पदराआड ठेवून दिला.

मिस्त्री बाळाकडे निरखून बघत होते. "हनुवटीला खळी आहे हिच्या. आमच्या पोरीलाही आहे." मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि चेहरा उतरला. "चार वाजून गेले की! कॉलेज सुटून तास झाला. रोज या वेळेला चहा घेऊन येते. बाई, जाता जाता जरा बघाल का हो, कुठे राहिली ती? सडपातळ आहे, एक वेणी घालते. लगेच ओळखाल."

"बघते," ती म्हणाली.

शेडच्या फाटकातून ती बाहेर पडली, भिंतीला वळसा घालून मागे गेली आणि स्वयंपाकघराच्या दाराने घरात शिरली. लेकीला पाळण्यात टाकलं. बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं. मग आरशासमोर उभी राहून अंबाडा सोडला, घट्ट एक वेणी घातली, आणि दोन कप चहा घेऊन आतल्या दाराने शेडमध्ये आली.

"आलीस? किती घोर लावतेस गं जिवाला! एक बाई आली होती आत्ता. भली होती. तिच्या वडिलांची गाडी आहे. असलं चिवट बेअरिंग काढून दिलं म्हणतेस!"

"हो का, बाबा? कसं काढलंत? पहिल्यापासून सांगा ना."

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. तीनदा.

संध्याकाळी बाबा आडवे झाले, तशी तिने शेगडी लावली. केसिंगवर थेंब उडवून पाहिला. तो नाचला, तेव्हा गार झालेल्या बेअरिंगच्या कडेला मोजून सोल्युशन लावलं आणि ते अलगद खळग्यात सोडलं. सूतभरही वाकडं नाही. सकाळी मिस्त्रींना काम हवं.