बुधरीपेक्षा मोठा

"याच्यावर चालवायचं काय हाय, बाई?" दुकानदाराने विचारलं.

काउंटरवर तीन पॉवर स्टेशनं, म्हणजे उचलून नेता येतील अशा मोठ्या बॅटऱ्यांचे डब्बे, मांडलेली होती. टबातल्या पाण्यात हवा सोडायची असेल तर हा लहान डब्बा पुरे, फ्रीज चालवायचा असेल तरच हा मोठा, उगाच ओझं वाहू नका, असं त्याने भल्या मनाने सांगितलं. गिरजाच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही.

तिच्या डोक्यात बुधरी होती. राजुऱ्याच्या मासळी बाजारात दोघी शेजारी-शेजारी बसत. महिनाभरापासून बुधरीच्या टबात असल्याच एका लहान डब्ब्यावर चालणाऱ्या पंपाने बुडबुडे निघत होते आणि तिचे रोहू दुपारपर्यंत जिवंत राहत होते. लोक बुडबुडे बघायला थांबत, मासळी घेऊन जात. गिरजाचा नुसता जळफळाट होत होता.

"बुधरीपेक्षा मोठा द्या," ती म्हणाली.

डोमाने बायकोला बाजूला घेतलं. "आपण तं मरळ विकतो. मरळ वर येऊन सोताच श्वास घेते. तिले हवा कायले पायजे?"

"मले मालूम हाय. मले नोका शिकवू."

बाजाराच्या दिवशी दोघांनी दोन बाजूंनी धरून तो डब्बा आणला. गिरजाच्या टबात बुधरीच्या दुप्पट बुडबुडे उठले. गर्दी जमली. गिरजा पदर सावरून ऐटीत बसली.

एका म्हाताऱ्याने हातातली मरळ परत पाण्यात सोडली. "मरळीले हवा काऊन देऊन राह्यली, बाई? बिमार हाय काय?"

जन्मभर मरळ खाणारी माणसं ती. पुढच्याने मान हलवली, त्याच्या मागचा सरळ बुधरीकडे वळला. अर्ध्या तासात सगळ्या ओळीत बोभाटा झाला. डोमा म्हणाला, बंद कर तो पंप. पण बुधरीसमोर बंद करायचा म्हणजे नाक कापून घेणंच. गिरजाने पंप तसाच चालू ठेवला.

दुपारी बुधरीचे बुडबुडे थांबले. आदल्या रात्री गावात लाइट नव्हती, तिचा लहान डब्बा अर्धाच भरला होता. गिरजाने आपला दोन दिवस आधीच भरून ठेवला होता. बुधरीचे रोहू वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. पाण्यात हात फिरवून फिरवून ती थकली, मग वायर घेऊन गिरजापाशी आली.

"गिरजाबाई, थोडी लाइट दे वं. माल मरून राह्यला."

गिरजाने त्या उघड्या तोंडांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. मग तिने बुधरीच्या टबाभोवती उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं आणि थोडी बाजूला सरकली.

"लाव. पण वायर वरून ने. लोकाईले दिसली पायजे."